डावीकडचा आवाज

प्रिय मामाजी,

सासऱ्याला कोणी पत्र लिहितं का? तेही गेलेल्या सासऱ्याला? आत्याबाईंना कळलं तर म्हणतील, आपल्या सुनेचं डोकं फिरलं. पण लिहिते आहे. एका जागी बसून लिहिते आहे असं म्हटलं तर मात्र खोटं होईल. दोन ओळी झाल्या की उठते, दूध उतू तर गेलं नाही ना ते बघते, दोरीवरचे वाळलेले कपडे उगाच उलटून टाकते आणि परत येऊन पेन उचलते. मघाशी आत्याबाई पडवीतून म्हणाल्याच, "काऊन अशी भिंगरीवानी फिरून राह्यली व? बस ना चुपचाप एका जागी."

बसवत नाही. सोमवारी माझी मुलाखत आहे. गडचांदूरच्या बाजूला एक इंग्रजी शाळा आहे, तिथे पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं. उन्हाळ्यात याच शाळेने मला परत पाठवलं होतं. तेव्हा ज्या बाईंना घेतलं त्या दिवाळीला घरी गेल्या त्या आल्याच नाहीत, म्हणून पुन्हा बोलावणं आलं. राहायची खोली शाळेच्याच आवारात. म्हणजे जमलं तर वडसा सोडावं लागेल. तुमचा मुलगा निवांत आहे. विनोद म्हणतो, राइस मिलच्या मशीन दुरुस्त करणाऱ्याला सिमेंटच्या गावात काय काम कमी? आत्याबाई यावर काहीच म्हणत नाहीत, आणि त्या काही म्हणत नाहीत तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

नुसत्या मुलाखतीसाठी मी तुम्हाला उठवलं नसतं. काल दुपारी तुमच्या नाटक कंपनीच्या तालमीत एक गोष्ट झाली. तेव्हापासून माझ्या पोटात राग आहे, आणि तो तुमच्यावर आहे. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला सोमवारी जाता येणार नाही.

पण आधी उन्हाळ्यातलं सांगते, कारण ते झालं तेव्हा तुम्ही नव्हता. तुम्ही होळी झाल्यावर गेलात आणि मला आंब्याच्या दिवसांत बोलावलं. टेबलापलीकडे तीन माणसं. मधल्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं की एखादं मूल घरच्या आठवणीने रडायला लागलं तर तुम्ही काय कराल. प्रश्न कळला. उत्तरही माहीत होतं; लहानपणी वसतिगृहात मीच किती रडले होते. मी सुरुवात केली, "फर्स्ट, आय विल सिट..." आणि पुढचा तो लहान शब्द आला नाही. मुलाच्या शेजारी बसणार, पण इंग्रजीत कसं? बाय, निअर, विथ, बिसाइड, सगळे एकदम दाराशी येऊन उभे राहिले.

मग मी काय केलं माहीत आहे? घाबरले नाही. मान डावीकडे वळवली आणि शांतपणे वाट बघत राहिले.

किती शांत होते मी, मामाजी! जणू आता येईलच आवाज. मॅडमनीही डावीकडे बघितलं. बाकीच्या दोघांनीही बघितलं. तिथे पाण्याचं मशीन होतं. मॅडम म्हणाल्या, "वुड यू लाइक सम वॉटर?" मी थँक यू म्हटलं आणि ग्लासभर पाणी पिऊन टाकलं. त्यानंतर काय विचारलं, मी काय बोलले, काही आठवत नाही. घरी येऊन सगळं सांगितलं. विनोद हसून हसून आडवा झाला. आत्याबाई अजून आल्यागेल्याला सांगतात, "आमची सून चांगली गडचांदूरपावतर गेली न पानी पिऊन आली."

मीही हसते. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी तुमच्यासाठी रडले नव्हते, मामाजी. तुमच्यावर चिडून रडले होते. तेव्हा का चिडले ते कळलं नव्हतं. काल कळलं.

आठवतं, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा? माझ्याजवळ डी.एड.चा कागद होता आणि पोटात इंग्रजीची भीती होती. धानोऱ्याच्या आतल्या गावातली मी. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरतं. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून नुकतेच निवृत्त झाला होता आणि हिवाळाभर कंपनीत प्रॉम्टर म्हणून जात होता. एक दिवस विचारलंत, "सूनबाई, इंग्रजी बोलता येते का?" मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात, "येत नाई असं काई नसते. बाजूले कोनी पाह्यजे फक्त."

आणि तुम्ही बाजूला येऊन बसलात. स्वयंपाकघराच्या दाराशी, गॅसच्या डाव्या अंगाला, तुमच्या त्या लाकडी पिढ्यावर. सासरा स्वयंपाकघराच्या दारात बसतो म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली, तरी तुम्ही उठला नाहीत. मी भात लावायचा, भाजी चिरायची आणि दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. अडले की डावीकडून हळू आवाजात वाक्याची सुरुवात यायची. ती मी उचलायची आणि पुढे जायची. ओरडणं नाही, थांबवणं नाही, "चूक" हा शब्द नाही. विंगेत उभे राहून नटाला वाक्य देताय असंच. लोकांना कळायचं नाही, आणि काही दिवसांनी मलाही कळेनासं झालं की कुठलं वाक्य माझं आणि कुठलं तुमचं.

व्याकरणाचं पुस्तक तुम्ही कधी उघडलं नाहीत. म्हणायचात, "हे लहान शब्द म्हनजे नाटकातले पात्रं आहेत. कोनाच्या बाजूले कोन उभं राहीन ते ठरलेलं असते. डिपेंडच्या बाजूले ऑन. वेटिंगच्या बाजूले फॉर. काऊन असं विचारू नको, कान लाव." मी कान लावला. डोकं दुखतंय म्हणून मी "माय हेड इज पेनिंग" म्हणायला तोंड उघडलं की तुमचं "आय हॅव अ हेडेक" आधी हजर. मी म्हटलं, "म्हणजे डोकेदुखी माझ्याजवळ आहे, पिशवी असते तशी?" तुम्ही म्हणालात, "हो. धरून बस."

आणि ते रागाचं! आपल्याकडे राग माणसावर येतो, इंग्रजीत माणसासोबत येतो, अँग्री विथ, असं तुम्ही सांगत होता आणि आत्याबाई मध्येच बोलल्या, "सोबत? सोबत बसून कोनी रागावते का? मंग त्या रागात काय मजा रायली?" तुम्हाला हसताना ठसका लागला होता. त्या दिवसापासून तुम्हा दोघांचं भांडण झालं की आत्याबाई तुमच्याजवळून उठून पडवीत जाऊन बसायच्या आणि सांगायच्या, "मी मराठीत रागावली आहे."

बाजाराला निघताना मी "आय ॲम कमिंग" म्हणायची. आपण येतोच म्हणून निघतो ना. जातो असं तोंडातून काढलं तर घरातली म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात. तुम्ही दारातून वाक्य द्यायचात, "आय ॲम ऑफ टू द मार्केट." मी तसं म्हणायची आणि तरी उंबऱ्यावर पाऊल ठेवताना हळूच "येते" म्हणून घ्यायची. ते तुम्हाला ऐकू यायचं, पण ते तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत.

चांगले दिवस होते. नाही असं मी म्हणणार नाही. मग राग कशाचा?

आज सकाळी तांदूळ निवडता निवडता मी माझी मराठी आठवत होते. ती मला कोणी शिकवली? कोणीच नाही. आईबरोबर धानोऱ्याच्या बाजारात मोहफुलं आणि चारोळी घेऊन बसायची. गोंडीत आई-बाबांसाठी बोलणं जसं बदलतं तसं मराठीत बदलत नाही, तिथे आईला 'माझी' आणि 'आली' लागतं, हे मला काय ठाऊक! मी सगळ्या बाजारासमोर ओरडायची, "माझा आई आला!" शेजारचा बांगड्यावाला पोट धरून हसायचा. दुसऱ्या बाजारी तोच विचारायचा, "काऊन व, तुहा आई आला का?" मी लाजून मरायची आणि मनात घोकायची, आली, आली, माझी आई आली. असं हसू झेलत झेलत मराठी आली. ती अशी आली की आता झोपेतून उठवलं तरी मी मराठीत भांडू शकते. हसले ते लोक, पण माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घातलं नाही.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही इतके चांगले की मला चुकूच दिलं नाहीत. चूक ओठांवर यायच्या आतच डावीकडून बरोबर वाक्य यायचं. एवढ्या वर्षांत मी या घरात एकही वाकडं इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत बोलले नाही, मामाजी. आणि सरळ म्हणाल तर तेही माझं एकटीचं असं एकही नाही.

थांबा, आत्याबाई हाक मारताहेत.

आले. काही नव्हतं, शेजारणीने वाटीभर जवसाची चटणी दिली, ती आत ठेवायची होती. त्यांना ती स्वतः ठेवता आली असती. मी काय लिहिते आहे ते त्यांना बघायचं होतं. बघितलं आणि गेल्या.

आता कालचं. परवा बंडूभाऊ आले होते, तुमच्या कंपनीचे मालक. मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस आले, यंदाचे प्रयोग ठरलेत आणि नवा प्रॉम्टर तापाने झोपलाय. दाराशी उभे राहून म्हणाले, "बाई, मास्तरचं अक्षर आमाले लागत नाई. तुमाले लागते. दोन दिवस तालमीत बसून द्या." यंदाचं नाटक तुम्हीच आजारी पडण्याआधी उतरवून ठेवलेलं ना. मला घरात चैन नव्हतंच, मी हो म्हटलं. आत्याबाई पुटपुटल्या, "सासऱ्याची गादी चालवाले निंघाली." पण जाताना त्यांनीच माझ्या पिशवीत पाण्याची बाटली टाकली.

तुमच्या जागी उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की तुमचं काम काय होतं. नट बाहेरगावचा, आजच गाडीतून उतरलेला. अर्धं नाटक त्याच्या तोंडात, अर्धं तुमच्या. किती आधी द्यायचं, किती हळू द्यायचं, कुठे श्वास घेऊ द्यायचा! मी घाईघाईने देत होते. नायिकेचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, मले रडू तं द्या थोडं, मंग सांगा."

मग वामनभाऊंचा प्रवेश आला. तुमच्याच वयाचे वामनभाऊ, तुमच्यासोबत कित्येक हिवाळे काढलेले, नेहमी बापाचं काम करणारे. घरातून भांडून गेलेली मुलगी कितीतरी वर्षांनी दारात येऊन उभी राहते आणि बाप तिला बघून बोलतो. तुमच्या अक्षरात ते भाषण अर्धं पान आहे. काळीज, नियती, रक्ताचं नातं, सगळं आहे त्यात. वामनभाऊंनी मुलीकडे बघितलं आणि मी ओळ द्यायलाच विसरले. खरंच विसरले. ती दारात कशी उभी आहे तेच बघत राहिले. पान कुठलं, ओळ कुठली, काही कळेना.

वामनभाऊंनी विंगेकडे नजर टाकली. माझ्याकडून काही नाही. आणि मग वामनभाऊंनी मान वळवून मुलीकडे बघितलं आणि आपल्या मनाने म्हणाले, "उभी काऊन हायेस? ये. पाय धू. मंग भांडू."

एवढंच. हार्मोनियमवाल्याने हात खाली घेतले. मुलीचं काम करणारी ती पोरगी रडली, तिला नायिकेसारखं ताई-मला-रडू-द्या म्हणायची गरज पडली नाही. बंडूभाऊ म्हणाले, "हेच ठेवा. बाकीचं काटा." मी तुमच्या अक्षरावर काट मारली, मामाजी.

चहा घेताना मी वामनभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कायची? मास्तरबी असंच करत. मले पाठ नसलं का कवा कवा मुद्दाम चूप बसत. मी त्याइच्याकडं पाहो, तं ते दुसरीकडं पाहत. मंग मी मनाचं बोलो. घरी जातानी म्हनत, वामन, आज तू बोलला, मी नाई."

मुद्दाम? तुम्ही मुद्दाम गप्प बसायचात? चहा माझ्या हातात तसाच गार झाला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कधी द्यायचं आणि कधी नाही द्यायचं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. वामनभाऊंना ती शांतता दिलीत. मग मलाच काऊन नाही? एक दिवस, फक्त एक दिवस तुम्ही त्या पिढ्यावर बसून दुसरीकडे बघितलं असतं, तर मी अडखळले असते, काहीतरी वेडंवाकडं बोलले असते, आत्याबाई हसल्या असत्या. आणि उन्हाळ्यात मी त्या मॅडमना, बाय असो की निअर असो, मुलाच्या शेजारी बसेन असं सांगून आले असते. पाणी पिऊन नसते आले.

हे मी काल घरी येऊन आत्याबाईंना विचारलं. त्यांच्या पुढ्यात सूप होतं, मान वर न करता त्या म्हणाल्या, "नटाचं काय? नाटक सरलं का तो आपल्या घरी. तू घरची. तू अडकली का त्याइचाच जीव अडके. पाहावत नव्हतं त्याइले." मी म्हटलं, पण त्याने माझंच नुकसान झालं ना? त्यांनी खडा उचलून बाहेर फेकला. म्हणाल्या, "मास्तर मानूस. शाळा सुटली होती त्याची. तूच शाळा होती. तुले सारं येऊन गेलं असतं तं तो कोनापाशी बसला असता?"

हे खरं आहे का, मामाजी? तुम्हाला ही भीती होती? की मला एकटीला बोलता आलं तर मी निघून जाईन, हीसुद्धा होती? मी आत्याबाईंनाच विचारणार होते, पण त्यांचं तोंड बघून नाही विचारलं. ती भीती तुम्हाला होती की नाही ठाऊक नाही, पण आता त्यांना लागली आहे, ते दिसत होतं.

मला ही नोकरी हवी आहे, मामाजी. तुमच्यापाशी लपवून काय करू? त्या गावात कुठून कुठून आलेली माणसं आहेत. मुलं घरी तेलुगू बोलत असतील, हिंदी, गोंडी, आपली झाडीबोली. पहिल्या दिवशी एखादं पोरगं दारात उभं राहून काहीतरी उलटंसुलटं इंग्रजी बोलेल आणि सगळा वर्ग हसेल. त्या वेळी त्या वर्गात मी असायला हवी. त्याला वाक्य द्यायला नाही. त्याचं त्याला शोधू द्यायला, आणि तोवर हसणाऱ्यांकडे डोळे वटारायला.

आणि हे सगळं लिहिताना, रागाच्या भरात, मला तुमची ती दुपार आठवली. मघापासून तीच टाळत होते. पेन ठेवून अंगणात गेले, परत आले, तरी ती दुपार गेली नाही.

लकवा मारल्यावर तुमचा उजवा हात गेला आणि शब्द गेले. ज्यांच्या तोंडात अख्खी नाटकं असायची त्यांना भात हा शब्द सापडेना. तेव्हा मी तुमच्या बाजूला बसायला लागले. पिढा तोच, तुमच्या खाटेपाशी ओढलेला. तुम्ही तोंड उघडलं की मी शब्द द्यायची. पटापट. मला वाटायचं, तुमचं ऋण फेडते आहे.

त्या दुपारी तुम्ही "पा... पा..." करत होता. मी म्हटलं, "पाणी?" तुम्ही मान हलवलीत. "पान? पाय दुखतो? पांघरूण? पाऊस?" तुमचा चेहरा लालबुंद झाला आणि तुम्ही डावा हात वर केलात. तळवा माझ्याकडे. थांब. चूप. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि तो हात मला थपडेसारखा लागला. मी तोंड मिटलं. बसून राहिले. बाहेर कोणीतरी बैलांना हाकत गेलं, आत्याबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या. तुम्ही छताकडे बघत होता, ओठ हलत होते, कपाळावर घाम. मला इतकं वाटत होतं, काहीतरी सुचवावं. नाही सुचवलं.

"पायतान," तुम्ही म्हणालात.

पायतान! चपला हव्या होत्या तुम्हाला. मी पैज लावून सांगते, तो शब्द मी तुम्हाला कधीच दिला नसता. खाटेवरून उठता न येणाऱ्या माणसाला चपला कशाला? मी आणल्या, पायांत घातल्या. आणि तुम्ही त्या दुपारभर चपला घालून खाटेवर पडून राहिलात, दाराकडे बघत. तालमीला निघाला होता ना? की आणखी कुठे? मी विचारलं नाही. पण तुमचा चेहरा मला आठवतो. वामनभाऊंचा काल होता तसाच.

आता कळतं, तो हात तुम्ही माझ्यावर रागावून वर केला नव्हता. माणसाला काय म्हणायचं आहे ते बाजूला बसलेल्याला ठाऊक नसतं, हे तुम्हाला त्या खाटेवर कळलं होतं. नाटकातलं वाक्य आधी लिहिलेलं असतं, म्हणून ते देता येतं. माझं वाक्य कुठे लिहिलेलं होतं, मामाजी? तुम्ही देत होता ती वाक्यं सुंदर होती, बरोबर होती, इंग्रज माणूस बोलेल तशीच होती. पण मी काय बोलणार होते, ते तुमच्यामुळे मलाही कधी कळलं नाही.

भांडण संपलं. मला वाटलं होतं जास्त वेळ चालेल.

आत्ताच आत्याबाई आत येऊन गेल्या. माझी इस्त्रीची साडी खाटेवर ठेवली आणि म्हणाल्या, "सोमवारी हे नेसून जाय. निळी नको, निळीनं मागच्या खेपी काई केलं नाई." मग दाराशी थांबून म्हणाल्या, "झालं तं होऊ दे. माही काळजी करू नको. मी काई एकटीनं मरत नाई इथी. अन जास्तच आठवन आली तं येईन गडचांदूरले, तिथी काय मानसं राहत नाईत?" मी काही बोलायच्या आत निघून गेल्या. त्यांना वाक्य संपल्यावर थांबायला आवडत नाही.

तर मामाजी, वचन द्यायचं राहिलं. लोक गेलेल्या माणसाला म्हणतात, वरून लक्ष असू द्या, पाठीशी राहा. मी तसं म्हणणार नाही. सोमवारी मॅडम काहीतरी विचारतील आणि मी अडकेन. नक्की अडकेन. खोली गप्प होईल. त्या वेळी तुम्ही काही सांगू नका. कितीही जीव तुटला, बरोबर शब्द अगदी ओठांवर आला, तरी नाही. वामनभाऊंसाठी बघायचात तसं दुसरीकडे बघा. मी मान वळवणार नाही, पाणी मागणार नाही. वाकडं असो, मोडकं असो, मॅडम हसोत, मी सुरू केलेलं वाक्य शेवटपर्यंत नेईन. हे माझं तुम्हाला वचन.

तुम्ही फक्त ऐका. या वेळी पुढची ओळ तुम्हालाही माहीत नसेल.

तुमची सून,
रंजना